नोंदी पोचल्या का?

त्या शनिवारी संध्याकाळी घरात आम्ही तिघं होतो. मी, माझी पत्नी प्रज्ञा आणि आमची मुलगी समता. सातला थोडा वेळ बाकी असताना, म्हणजे रोजच्या वेळेला, प्रज्ञाचा फोन वाजला. या वेळेचा फोन माझ्या सासऱ्यांचा, आप्पांचा असतो हे घरात सगळ्यांना पाठ झालेलं. त्यामुळे समतानं नाव न बघताच तो उचलून आईच्या कानाला लावला. पलीकडून आवाज मात्र रेश्माताईंचा आला. आप्पांच्या गावी, केमला, विहाराशेजारी जे वाचनालय आहे, तिथल्या त्या ग्रंथपाल. त्या म्हणाल्या, "ताई, आजच्या नोंदी पाठवल्यात..." आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "ताई, आप्पा गेले." दुपारी वाचनालयाला कुलूप लावून ते घरी आले होते, जेवून आडवे झाले होते. संध्याकाळी वाचनालय उघडायला आले नाहीत, म्हणून रेश्माताई घरी बघायला गेल्या. नोंदींचं आधी का सांगितलं, हे रेश्माताईंनाही नंतर सांगता आलं नाही. मला वाटतं, त्या वेळेला फोन लावायचा तर पहिलं वाक्य तेच असतं, दुसरं काही सुरुवातीला म्हणायची कुणाला सवयच नव्हती.

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. लिहिण्याचा सराव ताळेबंदाखालच्या टिपांपुरता. पण आप्पांच्या शोकसभेत त्यांच्या गिरणीतल्या दिवसांवर सगळे बोलले आणि शेवटच्या दोन वर्षांवर कुणीच बोललं नाही, कारण ते आमच्या स्वयंपाकघरात घडलं होतं. ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं.

आप्पा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत फिटर होते आणि त्याहून जास्त युनियनचे होते. मी प्रज्ञाला बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. विचारलं, "तुमच्यात युनियन हाय का?" मी म्हटलं, नाही, आम्ही सगळे मिळून नऊ कर्मचारी आहोत. ते म्हणाले, "नऊ लई झाले की. आमी चौघांनी सुरू केलती." तेव्हापासून मी त्यांचा 'पावणं' झालो आणि भेटलो की पहिला प्रश्न ठरलेला... "काय पावणं, जुळला का ताळेबंद?"

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आमच्याकडे प्रत्येक बारशाला आणि प्रत्येक लग्नात सांगितली गेली आहे. एका संपानंतर गिरणीनं इतरांना परत घेतलं, आप्पांना आणि आणखी काही जणांना सांगितलं की माफीपत्रावर सही करा, मग आत या. बाकीच्यांनी एकेक करून सह्या केल्या. आप्पांनी केली नाही. वकिलांनी सुचवलं की 'माफी' शब्द काढू, नुसता 'खेद' घालू. तरी नाही. पाऊण वर्ष ते घरी बसले आणि सासूबाईंनी विड्या वळून घर चालवलं. प्रज्ञा तेव्हा दुसरी-तिसरीत होती, आईच्या सुपातली पानं कापून द्यायची. शेवटी माफीशिवायच त्यांना परत घेतलं. आप्पा ही गोष्ट सांगताना शेवटी उजव्या हाताचा अंगठा दाखवून म्हणायचे, "ह्यो हात माफीवर चालला न्हाय." सासूबाई असेपर्यंत त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "व्हय, आन् माजा विड्यांवर चालला!" हशा व्हायचा. त्या हशात त्या कितपत सामील असायच्या, हे मला कधी नीट कळलं नाही.

गिरणी बंद पडली, सासूबाई गेल्या, तेव्हा आप्पा केमला आपल्या गावी जाऊन राहिले आणि तिथं त्यांनी वाचनालय उभं केलं. पुस्तकं जमली तशी ती कुणी नेली, कुणी आणून दिली हे सापडेना. प्रज्ञा संगणकाचं काम करते. तिनं त्यांना एक प्रणाली बसवून दिली. ही प्रणाली कुठल्या कंपनीची नाही. जगभरातली माणसं आपापला वेळ देऊन ती लिहितात, दुरुस्त करतात, आणि कुणालाही ती फुकट वापरता येते, उघडून बघता येते, बदलता येते. प्रज्ञा नोकरी सांभाळून बरीच वर्षं त्यात काम करत होती. तिच्याकडे एक विशिष्ट भाग होता. इंटरनेट गेलं तरी वाचनालयातली देवघेव चालू राहते, नोंदी तिथल्या संगणकात थांबून राहतात आणि नेट आलं की आपोआप मुख्य ठिकाणी पोचतात, तो भाग. केमला नेट जातं ते नेहमीचंच. म्हणून आप्पा रोज संध्याकाळी वाचनालय बंद करून फोन करायचे, "पोचल्या का गं नोंदी?" आणि प्रज्ञा संगणकावर बघून सांगायची, "पोचल्या." दोन वाक्यांचा फोन. कधी त्यात पाऊसपाणी यायचं, कधी समताचे मार्क. पण ही दोन वाक्यं झाल्याशिवाय फोन संपायचा नाही.

हे सगळं काय आहे ते प्रज्ञानं त्यांना पहिल्यांदा समजावलं, तेव्हाचं मला आठवतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालक कोण हाय ह्याचा?"

"कुणीच नाही, आप्पा. सगळ्यांचं आहे."

आप्पा गंभीर झाले. "मालकच न्हाय? मग संप कुणाविरुद्ध करायचा?"

दोन वर्षांपूर्वी त्या प्रकल्पात असा विचार सुरू झाला की नेटशिवाय चालणारा भाग काढून टाकावा. तो सांभाळणं किचकट, वापरणारे थोडे, आणि आता नेट कुठं नाही? काय ठेवायचं आणि काय काढायचं याचा शेवटचा शब्द तांत्रिक प्रमुखाचा असतो. ते पद दरवर्षी मतदानानं भरतात. मत फक्त प्रकल्पात काम केलेल्यांना, म्हणजे निरनिराळ्या देशांतल्या शंभर-सव्वाशे लोकांना. त्या वर्षी योनास नावाचा जर्मनीतला एक जण उभा होता. माणूस हुशार, कष्टाळू, आणि तो भाग काढायच्या बाजूचा. त्याच्या विरोधात कुणी नव्हतं. प्रज्ञा आठवडाभर घरात म्हणत होती की कुणीतरी उभं राहायला हवं. रविवारी आप्पा आलेले होते, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मग तू हायेस की."

"तिथं कुणी आपलं नाव सुचवत नाही, आप्पा. आपणच आपलं नाव द्यायचं. आणि आपणच लिहायचं की मी कशी चांगली आहे."

"आपणच? लाज न्हाय वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर इतकी वर्षं दिलं नाही."

आप्पांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "आसं कर. सूचक मी. अनुमोदक पावणं. झाली रीतसर. आता टाक नाव." मी हात वर केला. समतानंही केला, तिला आप्पांनी अठरा वर्षांखालची म्हणून बाद ठरवलं. त्या दुपारी प्रज्ञानं अर्ज भरला. स्वतःबद्दलच्या पहिल्या परिच्छेदाला तिला दोन तास लागले. नेटशिवायच्या भागाबद्दलचा मजकूर तिनं वीस मिनिटांत लिहिला.

आप्पा केमला परतले ते निवडणूक घेऊनच. रोजच्या फोनवर आता नोंदींनंतर प्रश्न यायचे. निशाणी काय मिळाली? विरोधकाचा जोर कुठल्या भागात हाय? बिनविरोध व्हतंय का बघ की, त्याला उपप्रमुख करून टाक. प्रज्ञा हसत उत्तरं द्यायची. मीही हसलो. ते प्रश्न आम्ही गंमत म्हणून घेतले आणि आप्पा मात्र माहिती गोळा करत होते.

पुढच्या रविवारी विहारात वंदनेला माणसं जमली होती. वंदना झाल्यावर आप्पांनी त्यांना वाचनालयात नेलं. ज्यांच्याकडे चांगले फोन होते त्यांना त्या प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर नावं नोंदवायला लावली. ज्यांच्याकडे नव्हते त्यांची नावं दुसऱ्यांच्या फोनवरून नोंदवली. आणि सगळ्यांनी मराठीत लिहिलं. 'प्रज्ञाताईंना प्रचंड मतांनी विजयी करा.' 'आपल्या केमची लेक, कामाची पक्की.' एका आजोबांनी स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल लिहून शेवटी पाठिंबा दिला होता. दुपारच्या दोन तासांत एकतीस संदेश, सगळे एकाच वाचनालयाच्या नेटवरून, निम्मे चार-पाच फोनांतून. आप्पांच्या दृष्टीनं ही साधी द्वारसभा होती. गिरणीच्या गेटवर माणसं जमली की मालकालाही कळतं आणि काठावरच्या कामगारालाही कळतं की वारं कुठलं आहे.

सोमवारी सकाळी प्रज्ञानं संगणक उघडला आणि माझ्याकडे वळवला. निवडणूक बघणाऱ्या समितीचं पत्र होतं. भाषा सभ्य होती. एका दिवसात बनावट वाटणारी अनेक खाती तुमच्या बाजूनं उघडली गेली आहेत, खुलासा मिळेपर्यंत तुमची उमेदवारी थांबवत आहोत. खाली लोकांची चर्चा होती. एकानं लिहिलं होतं की ही माणसं पैसे देऊन आणलेली दिसतात. दुसऱ्यानं विचारलं होतं की मग आजवरच्या तिच्या कामाकडेही पुन्हा बघायला नको का? ते वाक्य प्रज्ञानं दोनदा वाचलं. मग उठून सिंकमधली भांडी घासायला लागली. भांडी घासायला बाई येणार होत्या.

आप्पांना तिनंच फोन लावला. आवाज चढवला नाही. "आप्पा, काल काय केलंत?"

"पाठिंबा दिला की. एकतीस! आजून माळावरची मंडळी यायची हायेत."

"आप्पा, ते म्हणतायत ही माणसं खोटी आहेत."

"खोटी? नावागावासकट उभी करतो समोर. म्हणावं या केमला."

"त्यांना माणसं मोजायची नाहीत, आप्पा. त्यांना काम बघायचं असतं. माझं इतक्या वर्षांचं काम होतं तिथं..." तिनं वाक्य न संपवताच फोन ठेवला. त्या संध्याकाळी नोंदींचा फोन आला नाही. प्रज्ञाकडे संगणकावर नोंदी मात्र पोचलेल्या दिसत होत्या.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं आप्पा सोलापूरला आले. हातात पिशवी, पिशवीत धुतलेला सदरा. चहासुद्धा न घेता म्हणाले, "मला लिहायचंय त्यास्नी. तू विंग्रजीत कर." प्रज्ञा म्हणाली की तिनं खुलासा तयार केलाय, गैरसमज झाला असं लिहिलंय, तेवढं पुरे. आप्पांनी मान हलवली.

"गैरसमज न्हाय. चूक हाय. आन् तुजी न्हाय, माजी हाय. माफी लिही."

प्रज्ञाचे हात कळफलकावरून खाली आले. मी दारात उभा होतो. आम्हा तिघांनाही एकच गोष्ट आठवत असणार. ती म्हणाली, "आप्पा, राहू दे. मी नाव मागं घेते. नाहीतरी कुठं निवडून येणार होते मी."

"मागं घेऊ नको. माझ्यापायी तर मुळीच न्हाय."

"तुम्ही आईला पाऊण वर्ष..." ती थांबली.

"व्हय," आप्पा म्हणाले. "तिच्या बोटांची कातडी गेलती. मला काय दिसत नव्हतं का?" हातातली पिशवी त्यांनी आत्ता कुठे खाली ठेवली. "तवा समोर मालक हुता. त्याच्याफुडं वाकायचं नव्हतं. हितं मालकच न्हाय, तूच सांगितलंस की. ही तुजी बरोबरीची माणसं हायेत. आपल्या माणसाची माफी मागाय कसली लाज? लिही."

तो मजकूर माझ्याकडे आहे. त्यांनी तो एका दमात सांगितला, मी मराठीत उतरवून घेतला आणि प्रज्ञानं इंग्रजीत केला. 'मी प्रज्ञाचा बाप. वय शहात्तर. ते संदेश मी लिहायला लावले. माणसं खरी आहेत, वाचनालयाचे सभासद आहेत, कुणाला पैसे दिलेले नाहीत. पण तुमच्याकडे पाठिंबा मागायची ही रीत नाही, हे मला माहीत नव्हतं. मुलीला विचारलं असतं तर तिनं थांबवलं असतं, म्हणून मी विचारलं नाही. ही माझी चूक आहे आणि त्याबद्दल मी तुम्हा सर्वांची माफी मागतो. शिक्षा मला द्या. तिचं काम तुम्ही बघितलेलं आहे, ते बघून मत द्या किंवा देऊ नका.' खाली नाव घालायच्या वेळी त्यांनी विचारलं, "सही कुटं करायची?" प्रज्ञा म्हणाली, इथं सही लागत नाही, नुसतं नाव. आप्पांना ते पटलं नाही. त्यांनी माझ्याकडचा मराठी कागद ओढून घेतला आणि त्यावर सही केली. मगच तिला पाठवू दिलं. नंतर ते चहा प्यायले आणि दुपारपर्यंत गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी उमेदवारी पुन्हा सुरू झाली. बऱ्याच लोकांनी आप्पांना चार-दोन शब्द लिहिले. योनासनंही लिहिलं. त्यानं विचारलं होतं की तुमच्याकडे नेट किती वेळा जातं? प्रज्ञानं प्रश्न वाचून दाखवला. आप्पा म्हणाले, "जातं कवा ते सांगता येत न्हाय. येतं कवा ते सांगतो, लिहून घे." तिनं तसंच्या तसं पाठवलं.

प्रज्ञा सहा मतांनी हरली. निकाल आला तेव्हा आप्पा आमच्याकडेच होते. ते म्हणाले, "सहा. म्हंजे तीन माणसं फिरली असती तर बरोबरी." हिशेब बरोबर होता. मग म्हणाले, "ती तीन मी फिरवली... उलटी." प्रज्ञा म्हणाली, "आणि तुमच्या पत्रामुळं किती आली ते कुठं मोजलंत?" ते कुणालाच मोजता येणार नाही, मलाही नाही. योनासनं प्रमुख झाल्यावर तो भाग लगेच काढला नाही. एक वर्ष थांबू, पुढचा प्रमुख ठरवेल, असं जाहीर केलं.

म्हणून पुढच्या वर्षी ती पुन्हा उभी राहिली. या वेळी आप्पांनी स्वतःहून मतदानाचा आठवडा आमच्याकडे काढायचं ठरवलं. मला म्हणाले, "केमला ऱ्हायलो तर तोंड उघडंल माजं. हितं तुमचं लक्ष ऱ्हाईल." अर्ज भरायच्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "सूचक मी. ह्यापरीस जास्त बोलत न्हाय." आणि खरंच बोलले नाहीत. सात दिवस त्या माणसानं आमच्याशी पाण्याच्या टँकरबद्दल, समताच्या शाळेबद्दल, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दल चर्चा केली. प्रज्ञा संगणकासमोर बसली की ते उठून गॅलरीत जायचे. संध्याकाळी मात्र, ती समोर बसलेली असताना, एकाच खोलीत, विचारायचे, "पोचल्या का गं नोंदी?" केमला तेवढे दिवस रेश्माताई एकट्या होत्या. प्रज्ञा म्हणायची, "पोचल्या." मग ते निर्धास्त होऊन वर्तमानपत्र उघडायचे.

ती अकरा मतांनी निवडून आली. समता ओरडतच गॅलरीत गेली. आप्पा आत आले, प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून विचारलं, "विरोधात किती पडली?" तिनं आकडा सांगितला. "त्यांच्याशी आधी बोल," ते म्हणाले. "आपली कुटं जात न्हाईत." त्या रात्री तिनं पहिलं पत्र योनासला लिहिलं. नेटशिवायचा भाग राहिला. आता तो भाग ती आणि योनास मिळून सांभाळतात.

आप्पांची शेवटची भेट अशी काही नव्हती. महिन्यातून एकदा यायचे तसे आले, पेरू आणले, ताळेबंद जुळला का विचारलं, गेले. सही केलेला तो मराठी कागद मी कपाटात पतसंस्थेच्या कागदांपासून वेगळा ठेवला आहे. लग्नाबारशात सांगायची ती जुनी गोष्ट त्यांनी त्या मंगळवारनंतर पुन्हा कधी सांगितली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "ती हिच्या आयची गोष्ट हाय. मी नुसता घरी बसलोतो."

केमचं वाचनालय चालू आहे. रेश्माताई बंद करून जातात, फोन करत नाहीत. करायचं कारणही नाही, संगणकावर सगळं दिसतं. पण सातच्या सुमाराला प्रज्ञाचं काम थांबतं. ती केमचं पान उघडून बसते, दिवसभरात कुणी काय नेलं ते बघते आणि बंद करत नाही. असे बरेच दिवस गेले. गेल्या सोमवारी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. घड्याळाकडे लक्ष गेलं. बाहेरच्या खोलीत ती तशीच बसली होती, समता अभ्यासाला. त्या दिवशी केमला दुपारपासून नेट नव्हतं, हे मी घरी आल्यावर तिनं सांगितलेलं होतं. ते विचारणं मला आपलं काम वाटेना. पावण्यानं विचारायचा तो प्रश्नच नव्हे... तरी विचारलं.

"पोचल्या का गं नोंदी?"

बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा," प्रज्ञा म्हणाली. "येतायत... चौदा... सतरा..." आणि थोड्या वेळानं, "पोचल्या."